ढोलीतल्या वैनीचं रेशन

फौजेत मी दोनदा भरती झालो. पहिल्यांदा मिसरूड फुटल्यावर, छाती फुगवून. दुसऱ्यांदा पेन्शन सुरू झाल्यावर, पोट आत ओढून. पहिल्या खेपेच्या गोष्टी मी पुष्कळ सांगितल्यात. बर्फातल्या पोस्टवर चहा किटलीतून कपात पडायच्या आत गोठायचा आणि आम्ही तो खलबत्त्यात फोडून खायचो, हे कोल्हापुरातल्या निम्म्या चहाच्या गाड्यांवर लोकांना पाठ आहे. आमच्या खेचरानं ब्रिगेडियरसाहेबांना सॅल्यूट मारला होता, हे मात्र कुणी मानत नाही. न मानू दे. खेचरही रिटायर झालं, साक्षीला येत नाही.

ही गोष्ट दुसऱ्या खेपेची आहे.

प्रादेशिक सेनेची आमची कंपनी निवृत्त जवानांची होती. काम झाडं लावायचं, वणवा विझवायचं, जंगलतोड आणि शिकार रोखायचं. परेडला सावधान झालो की गुडघ्यांचा आवाज रायफलच्या बोल्टपेक्षा मोठा यायचा. पोस्टिंग गगनबावड्याच्या वरच्या अंगाला, घाटाच्या कड्यालगत. तंबू चार, एक जिप्सी, एक मोठा वायरलेस सेट, गस्तीला छोटे हँडसेट, एक लंगर. कॅम्प कमांडर नायब सुभेदार खोत. जोतिबाच्या डोंगराखालच्या गावचे. आवाज असा की त्यांनी कॅम्पात ‘हुश्शार’ म्हटलं तर खाली कोकणात बैल थांबायचे. लंगर सांभाळायला इस्माईल मुजावर, खुद्द कोल्हापूर शहरातला. तांबडा रस्सा त्याच्या हातचा. तो रस्सा जिप्सीच्या टाकीत घातला असता तरी गाडी चालली असती. मी हवालदार. आणि माझा जोडीदार नायक महादेव सुतार.

सुतार आजऱ्याकडचा. आडनावाप्रमाणे हातात कसब. कॅम्पातली खाटली, रॅक, साहेबांच्या तंबूचं दार, सगळं त्याचं. बोलायला कमी, पण जे बोलायचा ते वाकडं. आमची तरुणपणापासूनची ओळख. एकाच पलटणीत होतो, एकाच वर्षी पेन्शनीत गेलो. त्याच्या बायकोला, मंगलवैनीला, मी सुतारच्या आधी घाबरायला शिकलो.

दिनचर्या ठरलेली. पहाटे पीटी. सकाळी गस्त. दुपारी रोपांना पाणी आणि जाळपट्ट्या काढणं. संध्याकाळी सेटवर रिपोर्ट. गस्तीच्या वाटेवर एक जुनाट बेहडा होता. जमिनीपासून तीन मजले वर त्याच्या खोडात ढोली. त्या ढोलीत ककणेराची मादी बसली होती.

ज्यांनी ककणेर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुस्तकात त्याला मलबारी धनेश म्हणतात. घारीहून मोठा पक्षी, अंगानं काळापांढरा, चोच पिवळी आणि त्या चोचीवर आणखी एक हेल्मेट. उडताना पंखांचा आवाज असा येतो की पहिल्या दिवशी मी हेलिकॉप्टर समजून टोपी सरळ केली होती. ह्या पक्ष्याची रीत वेगळी. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि चिखल, विष्ठा, फळांचा गर असं सगळं लावून आतून दार लिंपून घेते. फक्त चोच जाईल एवढी उभी फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळून जातात. मग अंडी, मग पिल्लं, पिल्लं उडण्याजोगी होईपर्यंत ती आत. नर दिवसभर फळं आणतो आणि फटीतून एकेक करून तिला देतो. सप्लाय लाइन एकच. ती तुटली तर पोस्ट संपली.

वनखात्याच्या देसाई मॅडम त्या बीटच्या वनरक्षक होत्या. त्यांनी ते झाड आम्हाला दाखवून ठेवलं होतं आणि सांगितलं होतं, येता-जाता नजर ठेवा, खाली गोंगाट नको. शेजारच्या काटेसावरीकडंही बोट दाखवलं होतं. तिच्या उंच फांद्यांना आग्या मोहोळाची पोळी लटकत होती, पोत्याएवढी. “तिथं धूर नको, अत्तर नको, दगड तर नकोच नको.” आम्ही ते पाळलं. इस्माईल अत्तर लावायचा, त्याला गस्तीतूनच काढलं.

एके दिवशी दुपारी देसाई मॅडम कॅम्पात आल्या. हातात पोतं. पोत्यात ककणेराचा नर. खालच्या काजूच्या बागेवरून विजेची तार गेली होती, तिला चिकटून मेला होता. पंख जळलेले. चोचीत अजून एक उंबर.

पोतं पंचनाम्याला न्यायचं होतं. त्या जिप्सी मागायला आल्या होत्या. खोतसाहेबांनी पोत्यात डोकावून पाहिलं.

“आतली किती दिवस काढंल?”

“थोडे दिवस. पिल्लू असलं तर तेवढेही नाहीत.”

“दार फोडून बाहेर काढू की. आमच्याकडं छिन्नी हाय, सुतार हाय.”

“बाहेर काढून काय करणार, साहेब? तिला पिसं नाहीत. उडायचं कसं?”

साहेबांनी पोत्याचं तोंड परत बांधलं. मग त्यांनी फौजी माणसाला सुचेल तेच सुचवलं.

“मग रेशन वर पोचवायचं.”

त्या संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये साहेबांनी सेटवर कंपनी हेडक्वार्टरला सांगितलं, “कॅम्पची स्ट्रेंथ काल होती तीच. अधिक एक, वेढ्यात. ओव्हर.” पलीकडच्या ऑपरेटरनं विचारलं, “वेढ्यात कोण? ओव्हर.” “एक बाई. झाडावर. ओव्हर.” रात्री मेजरसाहेबांचा स्वतःचा फोन आला.

सुतारनं शिडी बांधली. माणगा बांबूची, खोडाला वादीनं आवळलेली, एकही खिळा न मारता. ढोलीच्या जरा खाली बसायला एक फळी. वरच्या फांदीवरून सेफ्टीचा दोर टाकला, त्याचं एक टोक चढणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला, दुसरं खाली माझ्या हातात, झाडाला एक वेढा देऊन. फळ द्यायला एक लांब काठी केली. तिच्या टोकाला उंबर टोचायचं आणि फटीपुढं धरायचं.

पहिल्या दिवशी सुतार वर गेला. फळीवर बसला. फटीत काळोख. त्यानं काठीनं खोडावर टकटक केलं आणि हाक मारली,

“वैनी, हाय न्हवं घरात? दादा येणार न्हाईत आज. आमीच आणलंय.”

खाली आम्ही हसलो. फौजेत जोडीदार पडला की त्याच्या बायकोला सगळी पलटण वैनी म्हणते, आणि घरी रेशन पोचतंय की नाही ते बघते. सुतारला तेच सुचलं. बराच वेळ काही नाही. मग फटीतून पिवळी चोच आली. उंबर घेतलं. आत गेली. परत आली.

“घेतलं!” वरून सुतार ओरडला. देसाई मॅडमनी त्याला हातानं गप्प बसायची खूण केली.

इथं आम्ही एक घोळ घातला. असला घोळ फौजी माणसंच घालू शकतात. एकाच जवानानं रोज तीच ड्यूटी करावी हे खोतसाहेबांना झेपेना. त्यांनी रोस्टर लावलं. आज सुतार, उद्या मी, परवा आणखी कुणी. समान न्याय. मी वर गेलो. शिडी हलायला लागल्यावर एव्हरेस्टचे सगळे गिर्यारोहक मला सख्खे भाऊ वाटायला लागले. टकटक केलं, गोड बोललो. चोच आली नाही. दुसऱ्या दिवशी तिसरा गेला. नाही. इस्माईलनं हट्टानं काजू घातलेला शिरा पाठवला. त्याचा गोळा फटीतून परत बाहेर आला आणि चढलेल्याच्या मिशीत बसला.

“तुमच्या हातचं जिनं परत धाडलं अशी ही पहिली बाई, मुजावर,” सुतार म्हणाला.

“तिला तोंडाला चव न्हाय,” इस्माईल म्हणाला. ते त्याच्या मनाला लागलं होतं.

देसाई मॅडम चिडल्या. “साहेब, नर रोज एकटाच येतो. बदली पाठवत नाही. दोन दिवस ती उपाशी आहे.”

रोस्टर रद्द. सुतार परत वर गेला. टकटक. “वैनी, चुकलं बघा सायबाचं. राग धरू नगासा.” चोच लगेच आली.

तेव्हापासून ती ड्यूटी त्याची. सकाळी एकदा, दुपारी एकदा, ऊन उतरल्यावर एकदा. दोर माझा. बाकीचे पहाटेपासून उंबर, नांद्रुक, वड धुंडाळायचे. पिकलेलं फळ दिसलं की सेटवर बातमी. “नाल्याच्या पलीकडं वड पिकलाय. माकडं आलीत. कुमक पाठवा. ओव्हर.” माकडांशी आमच्या ज्या लढाया झाल्या त्या लिहायला बसलो तर वेगळं पुस्तक होईल. एका हुप्प्यानं माझी पाण्याची बाटली घेतली आणि झाकण नीट लावून परत दिली. खरं सांगतोय.

संध्याकाळी सुतार मंगलवैनीला फोन लावायचा. स्पीकर चालू, कारण लपवण्यासारखं त्याच्याकडं काही नव्हतं. मंगलवैनी आजऱ्यात काजू फोडायला जायच्या. काजूच्या तेलानं त्यांची बोटं काळी झालेली.

“भरवून आला काय तुमच्या त्या वैनीला?”

“आलो.”

“काय काय वाढलं?”

“उंबर. दोन पाली पण दिल्या आज.”

“मला कधी अशी तीन टाइम भरवली न्हाईसा.”

“तुमी आतनं दार लिंपून बसलासा काय कधी?”

“या घरी. मग लिंपते.”

सगळा कॅम्प हसायचा. इस्माईल तर डोळे पुसायचा.

पुढं एक दिवस फटीतून दुसरी, बारीक चोच दिसली. पिल्लू होतं. सुतार खाली आला. कॅम्पात येऊन बिडी ओढली. मग म्हणाला, “एकच हाय वाटतंय. पण आवाज मोठा हाय. खोतसायबावर गेलंय.”

आता त्या सकाळचं सांगतो.

सकाळी साडेसातला आम्ही झाडाखाली पोचलो. सुतार, मी आणि उंबरांची पाटी घेतलेला इस्माईल; अत्तर त्यानं केव्हाच सोडलं होतं. वारा नव्हता. सुतारनं पट्टा आवळला, मी तपासला, तो वर गेला. टकटक केलं. काय बोलला ते मला खाली ऐकू आलं नाही. पहिलं उंबर दिलं. दुसरं टोचत होता.

तेवढ्यात काटेसावरीवर मोहोळघार आली. हीही आपल्याकडचीच रानातली घार. मोहोळाच्या पोळ्यातली अळी खाते. तिच्या तोंडावरची पिसं इतकी दाट की माशांचं तिला काही वाटत नाही. तिनं फांदीवर न बसताच पंजानं पोळ्याचा एक तुकडा तोडला आणि निघून गेली. तिचं रोजचं काम. तिनं कुणाचं काही वाईट केलं नाही.

पोळं उठलं. काळी घोंगडी झटकावी तसं. मग आवाज आला.

“सुतार, खाली!” मी ओरडलो.

त्यानं मान वळवून पाहिलं.

“आलो.”

“आत्ता!”

त्याच्या तोंडाभोवती माशा दिसायला लागल्या होत्या. त्यानं डोक्यावरची जंगल हॅट काढली. मला वाटलं तोंड झाकतोय. त्यानं ती घडी करून फटीत कोंबली. दोन बाजूंनी अंगठ्यानं आत दाबली. एकही माशी आत जाणार नाही अशी. लाकडातली भेग भरायची त्याची जी पद्धत होती, त्याच पद्धतीनं.

मग म्हणाला, “सोड.”

शिडीवर त्याचा पाय ठरत नव्हता. त्यानं स्वतःला दोरावर टाकलं. मी दोर सोडत गेलो, हात-हात. एकदम सोडला असता तर तो पडला असता. थांबलो असतो तर तो तिथंच राहिला असता. माझ्यावरही माशा आल्या होत्या. खांद्यावरच्या सेटचं बटण हनुवटीनं दाबून मी बोललो.

“कॅम्प, कॅम्प. मोहोळ उठलंय. सुतार दोरावर. गाडी आणि धूर. ओव्हर.”

“रॉजर. गाडी निघाली. सुतार खाली आला का? ओव्हर.”

“उतरतोय. आउट.”

इस्माईल पळाला असता तर त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. तो पळाला नाही. त्यानं ओला-सुका पाला पेटवला आणि पेटती फांदी घेऊन माझ्याभोवती फिरत राहिला. सुतारचे पाय जमिनीला लागले तेव्हा मी दोर सोडला. इस्माईलच्या खांद्यावरच्या घोंगड्यात त्याला गुंडाळलं आणि आम्ही दोघांनी त्याला रस्त्यापर्यंत नेलं.

जिप्सीत मी त्याच्या शेजारी होतो. त्याचा चेहरा मला ओळखू येत नव्हता. माझाही त्याला येत नसणार. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. एकदा तो बोलला.

“फट बंद हाय न्हवं?”

“हाय.”

“संध्याकाळी काढ ती. न्हाईतर आत कोंडून मरंल.”

“काढतो.”

“माशा बसल्यावर. घाई करू नगो.”

पुढं तो बोलला नाही. गगनबावड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि ऑक्सिजन लावून त्याला अँब्युलन्सनं कोल्हापूरला धाडलं. खोतसाहेब त्याच्याबरोबर गेले. मला तिथंच ठेवून घेतलं. नर्सबाई माझ्या तोंडावरचे काटे चिमट्यानं काढत होत्या. आधी मोजत होत्या, मग मोजायचं सोडून दिलं. माझ्या तोंडी आकडा नेहमी फुगतो, म्हणून बरंच झालं.

वाटेत, कळे गावाच्या अलीकडं, अँब्युलन्समध्ये महादेव सुतार गेला. खोतसाहेबांनी फोन केला. “गेला,” एवढंच. मी “येस साब” म्हणालो. दुसरं काय म्हणतात ते मला येत नाही.

उन्हं उतरल्यावर खोतसाहेब परत आले. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो.

“टोपी काढायची हाय,” मी म्हणालो.

“दुसरा चढंल कोणीतरी.”

“मला सांगितलंय त्यानं.”

“डोळं उघडत न्हाईत तुझं.”

“एक उघडतोय.”

साहेबांनी गाडीचं दार उघडलं.

झाडाखाली सगळे जमले होते. इस्माईलनं रॉकेलचा डबा आणला होता आणि एका बांबूला चिंध्या बांधल्या होत्या. काटेसावर पेटवायची होती. दोघे-तिघे त्याच्या बाजूचे होते. देसाई मॅडम मध्ये उभ्या होत्या, त्यांना कुणी जुमानत नव्हतं.

“डबा खाली ठेव,” खोतसाहेब म्हणाले. त्या दिवशी आवाज चढवून नाही.

“साब, आपला माणूस मारला त्यांनी.”

“मुजावर. डबा खाली ठेव. वर त्याची बाई हाय अजून.”

इस्माईलनं डबा ठेवला आणि त्या डब्यावरच बसला.

मी चढलो. दोर खोतसाहेबांनी धरला. माशा पोळ्यावर परत बसल्या होत्या, सावरीकडून नुसता घुमारा येत होता. फटीत टोपी होती. आतल्या बाजूनं ओढाओढ चालली होती. मी ओढली तर आतून तिनं धरली. थोडा वेळ आम्ही दोघं ओढत होतो. मग ती सुटली. टोपीला मध्ये चोचीनं पाडलेलं भोक होतं.

उंबर काठीला टोचलं. टकटक केलं. बोलायला गेलो तर ओठ सुजलेले, शब्द फुटेना. फळ तसंच काठीला राहिलं. अंधार पडेपर्यंत बसलो आणि खाली आलो.

दुसऱ्या दिवशी आजऱ्याजवळच्या त्याच्या वाडीत अंत्यविधी झाला. कंपनीची तुकडी होती. शस्त्रं उलटी झाली, बिगुल वाजला. मंगलवैनी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी कुणाकडं बघितलं नाही. गर्दीत दोन म्हातारे बोलत होते.

“माशी चावून मेला म्हणं.”

“व्हय?”

“मग त्याला बिगुल कशापायी?”

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. एरवी मी असल्या माणसाला गाव सोडून जायला लावलं असतं. त्या दिवशी चितेजवळ जाऊन उभा राहिलो.

त्याच दुपारी आम्ही परत निघालो, कारण झाडावर पोचायचं होतं. सकाळपासून बाकीचे चढून बघत होते. ती कुणाकडूनही घेत नव्हती. ऊन उतरताना पोचलो आणि मी चढलो. नाही. अंधार पडायच्या आत परत चढलो. नाही. आतून पिल्लाचा आवाज येत होता. आदल्या दिवसापेक्षा बारीक.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओठांची सूज थोडी उतरली होती. फळीवर बसलो. टकटक केलं. तो म्हणायचा तसं म्हणालो.

“वैनी, हाय न्हवं घरात? आमीच आणलंय.”

चोच आली. उंबर घेतलं. आत गेली. परत आली. मी दुसरं टोचलं.  तिनं का घेतलं ते मला ठाऊक नाही. भूक असेल. देसाई मॅडमना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. खाली दोर धरलेले खोतसाहेब वर बघत होते. मी हात करून ‘घेतलं’ अशी खूण केली. त्यांनी मान हलवली आणि दुसरीकडं बघायला लागले.

मग रोज तेच. सकाळी, दुपारी, ऊन उतरल्यावर.  इस्माईल रस्सा करायचा, आम्ही खायचो. तिखट होता की नाही, मला सांगता येणार नाही.

मे महिन्याच्या अखेरीला एका सकाळी तिनं आतून दार फोडलं. लिंपलेल्या मातीचे तुकडे खाली आमच्या टोप्यांवर पडले. आधी डोकं, मग सगळी ती. पिसं नवी आली होती. थोडा वेळ कडेला बसली आणि उडाली. पहिली भरारी खालच्या दरीत, मग वर. थोड्या वेळानं पिल्लू आलं, बराच वेळ ओरडलं आणि तिच्या मागं गेलं. टाळ्या वाजवायला सगळा कॅम्प जमला होता. कुणी वाजवल्या नाहीत. देसाई मॅडम नाक पुसत होत्या. खोतसाहेबांनी सेट उचलला.

“वेढा उठला. दोघंही सुखरूप. ओव्हर.”

“रॉजर,” पलीकडून आलं. मग, “फार चांगलं, साब. आउट.”

सुट्टी घेऊन मी आजऱ्याला गेलो. मंगलवैनी परत कामाला लागल्या होत्या. त्या संध्याकाळी घरी येईपर्यंत मी ओट्यावर बसलो. त्यांनी पाणी दिलं, समोर बसल्या. मी सांगितलं, ती बाहेर पडली, पिल्लू पण. त्या ऐकत होत्या. काळी बोटं लुगड्याच्या काठाला पुसत होत्या, काळेपणा काही पुसून जाणार नव्हता.

मग त्यांनी विचारलं, “ते वर हुते तवा खाली कोण हुतं?”

“मी.”

“दोर तुमच्या हातात हुता?”

“व्हय.”

“माशा तुमाला पण चावल्या.”

“चावल्या.”

“सोडला न्हाईसा न्हवं?”

“न्हाई, वैनी. त्यांचं पाय जमिनीला लागंस्तवर न्हाई.”

त्यांनी माझे हात बघितले. तळव्यावर दोराच्या घसपटीचा चट्टा अजून होता.  मग म्हणाल्या, “एवढंच ठरवायचं हुतं मला. ते पडलं का उतरलं.”

“उतरलं.”

“बरं.”

पुढच्या वर्षी त्या ढोलीत कुणी आलं नाही. देसाई मॅडम म्हणाल्या, नवा जोडीदार मिळाला असेल तर दुसरं झाड धरलं असेल. शिडीच्या वाद्या आम्हीच कापल्या, कारण पिल्लं चोरणारे तिच्यावरून चढले असते. कंपनीची बदली झाली. मग मी दुसऱ्यांदा पेन्शनीत गेलो, खोतसाहेब गेले, इस्माईलनं कोल्हापुरात खानावळ टाकली.

आम्ही तिघं दरवर्षी त्या सकाळी तिथं जातो. बेहड्याखाली उभं राहतो. साहेब सावधान म्हणतात, हळू आवाजात, कारण काटेसावरीवर पोळी आहेत. एकदा मोहोळघार आली होती. इस्माईल तिच्याकडं बघत राहिला. ती आली तशी गेली.

मग मी नाव घेतो. नायक महादेव सुतार, मुक्काम आजऱ्याजवळची वाडी. ककणेराच्या ढोलीवर रेशन पोचवताना, कर्तव्यावर, मृत्यू. उतरताना, पडून नव्हे.

विश्राम म्हणायला साहेबांना वेळ लागतो. आम्ही उभे राहतो.